डेटा स्ट्रक्चर्स: वाचलं की कळतं, कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही

सेकंड_इयरवाला

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर डिप्लोमा करून यंदा डायरेक्ट सेकंड इयरला आलोय. कॉलेज मराठवाड्यात. डिप्लोमाला सी टर्बोवर झालं होतं, आता लॅबमध्ये उबुंटू लिनक्स आणि जीसीसी कंपाइलर. प्राइम नंबर, पॅलिंड्रोम, मॅट्रिक्सचा गुणाकार हे सगळं न बघता लिहायचो. आता लिंक्ड लिस्ट (पत्त्यांनी एकमेकांना जोडलेल्या नोडची यादी) सुरू झाली आणि गाडं अडलं. मॅडम फळ्यावर लिहितात तेव्हा ओळ न् ओळ समजते. व्हिडिओ बघताना तर वाटतं की हे आपल्याला येतंय. मग रूमवर येऊन कोरी फाइल उघडतो आणि स्ट्रक्चर लिहून झालं की पुढे हात चालत नाही. जर्नल पूर्ण आहे, पण त्यातलं माझं किती, ते मलाच माहीत.

पहिल्यापासून इथे असलेली मुलं पायथॉनकडे वळलीत. मीही सी सोडून तिकडेच जाऊ का? क्लास लावू का? की नुसती प्रॅक्टिस वाढवू? आणि वाढवायची तर नेमकी कसली?

कोकणकडा

क्लासचा निर्णय थांबव. ओरलला काय विचारतात ते बघून ठेव. "हे फंक्शन इथे पहिल्यांदा आलं तेव्हा टेम्पमध्ये (तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये) काय होतं?" एवढंच विचारतात आणि निम्मा वर्ग तिथेच आडवा होतो.

जुना_बिट

मी पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करतो, दरवर्षी नवीन मुलं हाताखाली येतात. तुझा प्रश्न त्यातल्या बहुतेकांचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्राइम नंबरच्या प्रोग्रॅममध्ये दोन-तीन व्हेरिएबल असतात. त्यांच्या किमती डोक्यात मावतात, कागद लागत नाही. लिंक्ड लिस्टमध्ये प्रोग्रॅमची अवस्था व्हेरिएबलमध्ये नसतेच, ती मेमरीत विखुरलेल्या नोडमध्ये आणि त्यांना जोडणाऱ्या पत्त्यांमध्ये असते. तुला वाक्यरचना येते, फक्त त्या क्षणी मेमरी कशी दिसते ते डोळ्यांसमोर नाही. त्यामुळे पुढची ओळ सुचायला आधारच नसतो. व्हिडिओत ते चित्र दुसऱ्याने काढलेलं असतं, म्हणून तिथे सोपं वाटतं.

एकच उदाहरण घे: यादी उलटी करणं. नोड तीन, १०, २०, ३०. कागदावर तीन चौकोन काढ आणि प्रत्येकाला खोटा पत्ता दे: १०००, २०००, ३०००. प्रत्येक चौकोनाचे दोन भाग, डाव्या बाजूला किंमत, उजव्या बाजूला नेक्स्ट. म्हणजे १० च्या उजवीकडे २०००, २० च्या उजवीकडे ३०००, ३० च्या उजवीकडे नल (पुढे काही नाही). बाण काढू नकोस, पत्तेच लिही. बाण काढले की सगळं आपोआप झाल्यासारखं वाटतं. पत्ता लिहिताना मात्र तो कुठून आला हे स्वतःला विचारावं लागतं.

आता तीन पॉइंटर, म्हणजे पत्ता ठेवणारी व्हेरिएबल, घे. प्रीव्ह (मागचा) नल, कर (करंट, म्हणजे सध्याचा) मध्ये १०००, आणि तिसरा नेक्स्ट. लूपमध्ये चारच ओळी आहेत. पहिली, करचा नेक्स्ट तिसऱ्या पॉइंटरमध्ये जपून ठेवायचा (२०००). दुसरी, करच्या नेक्स्टमध्ये प्रीव्ह लिहायचा (१० च्या उजवीकडचं २००० खोडून नल). तिसरी, प्रीव्हमध्ये कर. चौथी, करमध्ये जपलेला पत्ता. कर नल झाला की थांबायचं, तेव्हा प्रीव्हमध्ये ३००० असतं आणि तेच नवं हेड, म्हणजे यादीतल्या पहिल्या नोडचा पत्ता.

आता मुद्दाम पहिल्या दोन ओळींची अदलाबदल कर आणि कागदावरच चालव. १० च्या उजवीकडचं २००० खोडलं गेलं, मग जपायला गेलास तर हातात नल येतो. २० आणि ३० मेमरीत जागच्या जागी आहेत, पण त्यांचा पत्ता आता कुठेच लिहिलेला नाही. हे एकदा स्वतःच्या पेन्सिलीने घडलं की ओळींचा क्रम पाठ करावा लागत नाही.

प्रत्येक नवीन फंक्शन लिहिण्याआधी हे कर. प्रोग्रॅम लिहून झाल्यावर नव्हे, आधी.

लॅबमधली_मॅडम

जुना_बिट यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. शिकवणाऱ्या बाजूने थोडी भर.

डिप्लोमाहून आलेल्या मुलांच्या हातात टर्बोच्या सवयी पक्क्या बसलेल्या असतात. त्या आधी सोडा. टर्बो सी++ ३.० हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा डॉससाठीचा कंपाइलर आहे, आज तो डॉसबॉक्समध्ये घालून चालवावा लागतो. नुसता जुना म्हणून मी हे सांगत नाही. त्यात इंट १६ बिटचा आहे. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम इंट घेऊन लिहिला की ७ पर्यंत उत्तर बरोबर, ५०४०. आठला ४०३२० यायला हवं, येतं उणे २५२१६. कारण १६ बिटांत जास्तीत जास्त ३२७६७ मावतात, त्यापुढे गेलं की ६५५३६ वजा होऊन दिसतात. तोच प्रोग्रॅम जीसीसीवर १२ पर्यंत नीट चालतो आणि १३ ला बिघडतो. मुलं म्हणतात "मॅडम, तिकडे चुकत होता, इकडे बरोबर झाला." बरोबर झालेला नसतो, फक्त खड्डा पुढे सरकलेला असतो.

दुसरं, डॉसमध्ये नल पॉइंटरमध्ये काही लिहिलं तरी प्रोग्रॅम बहुधा शेवटपर्यंत जातो आणि बाहेर पडताना "नल पॉइंटर असाइनमेंट" एवढा निरोप देतो. लिनक्समध्ये तिथल्या तिथे सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याला हात लावला म्हणून प्रोग्रॅम बंद. मुलं घाबरतात, पण ही सोय आहे. जिथे चुकलं तिथेच थांबलं, यापेक्षा आणखी काय हवं?

कंपाइल करताना मायनस वॉल (वॉर्निंग दाखवणारा) आणि मायनस जी (चूक शोधायला ओळींची माहिती ठेवणारा) हे दोन पर्याय कायम लावा. वॉर्निंग आली तर प्रोग्रॅम चालतोय म्हणून पुढे जाऊ नका. "इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह" हा प्रकार वॉर्निंग वाचली असती तर तिथेच सापडला असता, आणि त्याच्यावर अख्खं प्रॅक्टिकल गेलेलं मी दर बॅचला बघते.

एका_मुलीचा_बाबा

क्षमस्व, मी कॉम्प्युटरवाला नाही, शेतकरी आहे. मुलगी याच वर्षाला आहे. क्लासवाले बरीच मोठी फी सांगताहेत, म्हणतात प्लेसमेंटची हमी. ती शाळेत मराठी माध्यमात होती, इंग्रजी व्हिडिओ वेगाने जातात म्हणते. काय करावं?

लॅबमधली_मॅडम

काका, क्षमा कसली, चांगला प्रश्न विचारलात. हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. नोकरी कंपनी देते, क्लास नाही.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. सी, सी++, लिनक्स, पायथॉन यांचे छोटे छोटे धडे, बऱ्याच धड्यांना मराठी आवाज आहे, आणि सगळं फुकट. ते एका बाजूला धडा लावून दुसऱ्या बाजूला स्वतः टाइप करत शिकण्यासाठीच बनवलेत. नुसते बघायचे नाहीत, एवढं तिला सांगा. त्यानंतर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा कोर्स आहे. इंग्रजीत आहे, पण बोलणं सावकाश आणि स्वच्छ. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी.

तिला हेही सांगा की कागदावरची टिपणं मराठीत काढली तर काही बिघडत नाही. "हा नोड सुटला, याचा पत्ता हरवला" असं स्वतःशी ज्या भाषेत बोलता येतं त्याच भाषेत विचार करावा. पेपरात इंग्रजी लिहायचं ते नंतर जमतं.

सेकंड_इयरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_बिट दादा, तुम्ही सांगितलं तसं पत्ते लिहून यादी उलटी केली, जमली. हुरूप आला म्हणून डिलीटचं फंक्शन लिहिलं. मधला नोड काढला, बरोबर. शेवटचा काढला, बरोबर. पहिला काढला की प्रिंट करताना आधी एक विचित्र मोठा आकडा येतो आणि मग सेगमेंटेशन फॉल्ट. फंक्शनला हेड आणि किंमत पाठवतो. आत: हेडच्या डेटात ती किंमत असेल तर टेम्पमध्ये हेड, हेडमध्ये हेडचा नेक्स्ट, मग टेम्प फ्री (मेमरी परत), आणि रिटर्न. मला तर यात काहीच गैर दिसत नाही. कागदावरही बरोबर येतंय.

जुना_बिट

कागदावर बरोबर आलं कारण तू हेडचा एकच चौकोन काढलास. दोन काढ.

मेनमध्ये हेड आहे, त्यात १०००. फंक्शनला पाठवलास तेव्हा सीने त्याची प्रत केली. फंक्शनच्या स्वतःच्या चौकोनात हेड नावाचं दुसरं व्हेरिएबल तयार झालं, त्यातही १०००. तू हेडमध्ये २००० लिहिलंस ते या दुसऱ्या चौकोनात. १००० वरची जागा फ्री केलीस. फंक्शन संपलं, त्याचा चौकोन गेला. मेनच्या हेडमध्ये अजून १००० च आहे, आणि ती जागा आता तुझी नाही. फ्री केलेल्या जागेत मेमरी सांभाळणारी लायब्ररी स्वतःचा हिशेब लिहून ठेवते. तो विचित्र आकडा म्हणजे तोच हिशेब. पुढच्या नेक्स्टमध्येही कचरा, म्हणून लगेच फॉल्ट.

आता खरी गंमत: मधला नोड काढताना हे का नडलं नाही? कारण तिथे तू हेडला हातच लावला नाहीस. बदल केलास तो मागच्या नोडच्या नेक्स्टमध्ये, आणि तो नोड हीपवर (मॅलॉक फंक्शनने मागून घेतलेल्या मेमरीत) आहे, एकच आहे. मेनच्या प्रतीतून जा नाहीतर फंक्शनच्या प्रतीतून, त्याच नोडपाशी पोचतोस. प्रत झाली ती पत्त्याची, पत्त्यावरच्या घराची नव्हे. पॉइंटर या विषयातलं निम्मं काम एवढ्या एका गोष्टीत आहे, आणि तुझ्या बगने ते फुकटात दाखवलं.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. फंक्शनने नवं हेड रिटर्न करायचं आणि मेनमध्ये ते हेडमध्ये घ्यायचं, किंवा हेडचाच पत्ता पाठवायचा, म्हणजे डबल पॉइंटर.

पण दुरुस्त करण्याआधी एक कर. तोच चुकीचा प्रोग्रॅम मायनस एफसॅनिटाइझ इक्वल्स ॲड्रेस हा पर्याय लावून कंपाइल कर आणि चालव. "हीप यूझ आफ्टर फ्री" असा लांबलचक निरोप येईल. त्यात तीन ठिकाणं दिसतील: ही जागा कोणत्या ओळीने वाचली, कोणत्या ओळीने फ्री केली, कोणत्या ओळीने मॅलॉक केली. ती तिन्ही ठिकाणं तुझ्या कागदाशी जुळवून बघ. हे अवजार कॉलेजात सहसा कुणी सांगत नाही, आणि आम्ही कामावर ते रोज वापरतो. घरी विंडोज असेल तर मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीत ते चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू घे.

तीन_बाय_तीन

सी एवढं उगाळायची आज गरज आहे का, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. डेटाचं काम, वेबचं काम, सगळं पायथॉन नाहीतर जावास्क्रिप्टमध्ये चालतं. मॅलॉक-फ्री मी नोकरीत एकदाही लिहिलेलं नाही. सेकंड इयरच्या मुलाने वेळ अल्गोरिदमवर घालवावा, मेमरीवर नको.

लॅबमधली_मॅडम

तुमच्या आयडीचंच उदाहरण घेऊ या. पायथॉनमध्ये तीन बाय तीनचं शून्याचं कोष्टक करायला मुलं एक ओळ लिहितात: कंसात शून्य, गुणिले तीन, या सगळ्याभोवती पुन्हा कंस, गुणिले तीन. छापलं तर छान दिसतं. मग पहिल्या ओळीच्या पहिल्या खान्यात ५ टाकतात आणि तिन्ही ओळींच्या पहिल्या खान्यात ५ येतो. कारण आतली यादी एकच आहे, बाहेरच्या यादीत तिचाच पत्ता तीनदा आहे. म्हणजे वर त्या मुलाला आलेली अडचण इथेही आहेच, फक्त पायथॉन फॉल्ट देत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतो.

नोकरीत सी लागो न लागो. पत्ता आणि वस्तू वेगळ्या असतात हे सीमध्ये उघड्यावर शिकता येतं, म्हणून सेकंड इयरला ते असावं या मताची मी आहे. पायथॉन नंतर शिका, पटकन येईल.

तीन_बाय_तीन

हे उदाहरण चपखल आहे, मान्य. तरी सहा महिने फक्त यादी आणि झाडंच (ट्री) करत बसू नयेत, एवढं म्हणणं ठेवतो. मुलांना काहीतरी चालणारं, दुसऱ्याला वापरता येणारं दिसलं नाही तर ती कंटाळतात.

कोकणकडा

रिकर्शनबद्दल, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याबद्दल, कुणीच बोललं नाही. फिबोनाचीचा रिकर्सिव्ह प्रोग्रॅम प्रत्येक जर्नलमध्ये असतो आणि तो सगळे ५ नाहीतर १० देऊन चालवतात. ४० देऊन बघा. उत्तर १०२३३४१५५ येतं, पण त्यासाठी फंक्शन ३३ कोटींहून जास्त वेळा बोलावलं जातं. एक ग्लोबल काउंटर लावून मोजा, ३३११६०२८१ येईल. मग आधी काढलेली उत्तरं एका ॲरेमध्ये ठेवा आणि पुन्हा मोजा. अवघ्या ७९ कॉल्समध्ये काम होतं. ऑर्डर ऑफ एन वगैरे जे फळ्यावर लिहितात ते त्या दिवशी अंगात भिनतं.

कोडशेफसारख्या कोडिंग स्पर्धांच्या साइटवर सवाल सोडवताना हाच हिशेब करायचा असतो. सीमध्ये सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया, असा ढोबळ अंदाज धरतात. एन (इनपुटचा आकार) एक लाख असेल आणि तुमच्या लूपमध्ये लूप असेल तर हजार कोटी झाल्या, म्हणजे कोड लिहायच्या आधीच कळलं की हा मार्ग बंद आहे. दिवसाला एक सवाल, पण सुटेपर्यंत उत्तर बघायचं नाही. दहा सवालांची उत्तरं वाचण्यापेक्षा एक रात्र अडकलेलं बरं.

बांधावरून

मी थर्ड इयरला आहे. तीन_बाय_तीन यांचा "दुसऱ्याला वापरता येणारं" हा मुद्दा मला फार पटतो, म्हणून सांगते. मामाचं कृषी सेवा केंद्र आहे, उधारीची वही जाडजूड. त्याच्यासाठी मी सीमध्ये उधारीचं खातं केलं: नाव, गाव, बाकी, फाइलमध्ये साठवायचं, नावाने शोधायचं. लायब्ररी मॅनेजमेंटचा मिनी प्रोजेक्ट सगळे एकमेकांचा उतरवतात. हा उतरवायला कुणाकडे नव्हताच.

मामाला नावं मराठीत हवी होती. इथून जे शिकायला मिळालं ते कुठल्याच असाइनमेंटमध्ये नव्हतं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा धरून. त्यामुळे "पाटील"ची लांबी एसटीआरलेन १५ सांगतं. नावासाठी २० बाइटचा ॲरे ठेवला तर पाटील मावतो, पण "सूर्यवंशी"ला २७ लागतात आणि शेवटचा शून्य वेगळा. एसटीआरकॉपीने तो कोंबला की उरलेले बाइट शेजारच्या बाकीच्या खान्यात सांडतात आणि उधारी एकदम कोट्यवधींची दिसते. बफर ओव्हरफ्लो म्हणजे काय याची व्याख्या पाठ होती, पण समजलं ते इथे. नाव कापून २० मध्ये बसवलं तर अक्षराच्या मधेच कापलं जातं, म्हणून लांबी मोजून तेवढी जागा मॅलॉकने घ्यायची.

नंतर नावांची यादी वर्णक्रमाने लावायची होती. क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या तयार फंक्शनला तुलना करणारं फंक्शन द्यावं लागतं, त्यात एसटीआरसीएमपी (बाइट बघून तुलना करणारं) टाकलं. मामाने यादी बघितली आणि म्हणाला, "काळे वर कसे आले, कावळे आधी हवेत." बरोबर होतं त्याचं. आपल्या वर्णमालेत ळ हा हच्या नंतर येतो, पण युनिकोडमध्ये तो लच्या लगेच पुढे, वच्या आधी बसवलाय. मग तुलनेचं फंक्शन स्वतः लिहिलं: प्रत्येक चिन्हाचा क्रमांक काढायचा, ळ आला तर त्याला हच्या पुढचा क्रमांक द्यायचा. फंक्शन पॉइंटर या विषयावर दोन मार्कांची टीप लिहिली होती. तो कशासाठी असतो ते क्यूसॉर्टला माझा नियम शिकवताना कळलं.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी या ळबद्दलच बराच वेळ विचारलं.

लॅबमधली_मॅडम

बांधावरून, फार सुंदर काम. असं प्रत्येक गटाने आणावं.

जाता जाता एआयबद्दल, कारण प्रश्न आज ना उद्या येणारच. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून असाइनमेंट छान यायला लागल्या. प्रॅक्टिकल परीक्षेला मात्र तीच मुलं चिठ्ठी उघडून बसून राहतात. वापरू नका असं मी म्हणणार नाही. आधी स्वतः लिहा, चालवा, चुकू द्या. कुठे आणि का चुकलं याचा स्वतःचा अंदाज एका वाक्यात वहीत लिहा. त्यानंतर विचारा आणि अंदाज ताडून बघा. आयता कोड मागितला तर वर जे दोन चौकोन काढले, तो कष्टाचा भाग दुसऱ्याने केला आणि तुमच्याकडे फक्त टायपिंग उरलं.

जुना_बिट

बांधावरून यांचा प्रतिसाद वाचून मीही थोडं जोडतो. पुस्तकात छापलेलं ते बरोबरच, असं समजू नका. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधोमध बघत शोधणं) मधला क्रमांक काढायला कंसात लो अधिक हाय, कंसाबाहेर भागिले दोन, असं सगळीकडे लिहितात. जावाच्या अधिकृत लायब्ररीतही तसंच होतं. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर लिहिलं की ॲरे फार मोठा झाला तर ती बेरीज इंटमध्ये मावत नाही, उणे होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. तोवर ती चूक त्या लायब्ररीत जवळपास नऊ वर्षं होती. मॅडमनी वर सांगितलेलं उणे २५२१६ आणि हे, दोन्ही एकाच जातीचे. लो अधिक, कंसात हाय वजा लो, त्या कंसाला भागिले दोन, असं लिहिलं की भागतं.

सेकंड_इयरवाला

दादा, सॅनिटायझर लावून बघितलं. तिन्ही ओळी दाखवल्या, आणि फ्रीची ओळ डिलीटमधली, वाचणारी ओळ प्रिंटमधली, अगदी तुम्ही म्हणालात तशी. हेड रिटर्न करून दुरुस्त केलं, आता पहिला नोडही नीट निघतो. सी सोडत नाही. आता एकच विचारायचंय: डबल पॉइंटर लगेच शिकू की पुढे?

जुना_बिट

सध्या रिटर्नवरच राहा. बायनरी सर्च ट्रीमध्ये नोड घालायला लागलास की प्रत्येक रिकर्सिव्ह कॉलला परत आलेला पत्ता डाव्या-उजव्या फांदीत ठेवावा लागेल, तेव्हा डबल पॉइंटरची गरज आपोआप जाणवेल. तेव्हा शिक.

त्याआधी यादी उलटी करण्याचं फंक्शन रिकर्शनने लिही. कागदावर प्रत्येक कॉलसाठी वेगळा चौकोन काढ, एकाखाली एक. लिहून झालं की रिकाम्या यादीवर आणि एकाच नोडच्या यादीवर आधी चालव, मग तीन नोडवर. अडलास तर कोड इथे डकव. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर टाक, म्हणजे मला कंपाइल करून बघता येईल.